आई-बाबांबरोबर नेदरलँड्सला पाच दिवस जातोय. रॉटरडॅमला अर्धा दिवस पुरेल ना?

नाही पुरणार. तुम्ही लिहिलंय, "तिथे जुनं काही नाही असं ऐकलं, म्हणून क्यूब हाऊस बघून पुढे निघू." (क्यूब हाऊस म्हणजे तिरप्या ठेवलेल्या चौकोनी ठोकळ्यांसारखी घरं.) अगदी हेच वाक्य माझ्या मोठ्या बहिणीच्या यजमानांनी दोन वर्षांपूर्वी माझ्याच घरात ऐकवलं होतं. ते अजून मनातून गेलेलं नाही, म्हणून लिहायला बसले. मी सात वर्षं रॉटरडॅममध्ये राहते.

जुनं नाही, त्याला कारण आहे. १४ मे १९४० ला जर्मन विमानांनी जेमतेम पाव तास बॉम्ब टाकले आणि मागून लागलेल्या आगीत शहराचा मधला जवळजवळ सगळा भाग गेला. आग जिथपर्यंत पोचली ती रेषा आज फुटपाथमध्ये बसवलेल्या लाल दिव्यांनी दाखवली आहे. सागरी संग्रहालयाजवळ झाडकिन या शिल्पकाराचा १९५३ चा पुतळा आहे: हात आभाळाकडे फेकलेला माणूस आणि पोटाच्या जागी आरपार भोक. तो बघूनही ज्यांना हे शहर म्हणजे नुसत्या काचेच्या इमारती वाटतात, त्यांनी शहर बघितलेलंच नाही.

आता माझ्या बाबांचं सांगते. ते रत्नागिरीकडचे, तीस वर्षं बोटीवर होते, इंजिनरूममध्ये फिटर. रॉटरडॅमला ते नऊ वेळा आले आणि शहर एकदाही बघितलं नाही. बोट युरोपोर्टला, म्हणजे बंदराच्या समुद्राकडच्या भागात लागायची, शहर तिथून तीसेक किलोमीटर आत. माल उतरायला जो काय वेळ लागेल तेवढाच मुक्काम, आणि इंजिन बंद असतं तेव्हाच फिटरला खरं काम असतं. आम्ही लहान असताना ते नकाशावर बोट ठेवून "इथे गेलो होतो" म्हणायचे. मी इथे नोकरीला आले तेव्हा फोनवर त्यांचा पहिला प्रश्न होता, "गावात नदी कुठून वाहते गं?"

ते सत्तरीत पहिल्यांदा प्रवासी म्हणून आले, ताई आणि भावोजींबरोबर. भावोजींनी सगळं आखून आणलं होतं: ॲमस्टरडॅम, कोकेनहोफची ट्यूलिप्स, पवनचक्क्या, ब्रसेल्स. रॉटरडॅमला वीस मिनिटं, क्यूब हाऊसखाली फोटो. मी म्हटलं, बाबांना बंदर बघायचं असेल. तर म्हणाले, "इतका खर्च करून क्रेन बघायच्या का?" बाबा समोरच बसले होते. "तुम्ही ठरवाल तसं," एवढंच बोलले. मी खूप भांडले. ताई रडली. शेवटी परतीच्या आदल्या दिवशी मी रजा टाकली आणि बाबांना एकटीने बाहेर काढलं.

सकाळी मासटनेलमध्ये गेलो. १९४२ चा नदीखालचा बोगदा, चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट, आणि खाली उतरायला लाकडी पायऱ्यांचे सरकते जिने. बाबा जिन्याच्या खडखडाटाकडे कान देऊन उभे होते. इरॅस्मस पुलावरून चालत गेलो, दुपारी पुतळा बघितला. मग मेट्रोची बी लाइन धरून हूक ऑफ हॉलंडला, म्हणजे समुद्राच्या तोंडाशी असलेल्या गावाला, साधारण पाऊण तास. तिथे काठावर बसलं की येणारी-जाणारी जहाजं अगदी समोरून जातात. पलीकडे बांधामागे युरोपोर्टच्या बाजूच्या क्रेन आणि तेलाच्या टाक्या दिसतात. बाबा म्हणाले, "म्हणजे मी त्या बाजूला होतो."

एक टँकर आत येत होता, हळू. बाबांनी मला गप्प केलं. आधी मला काही ऐकू येईना, मग बाकाच्या फळीतून आल्यासारखी धप, धप कळली. "स्लो अहेड," ते म्हणाले, म्हणजे इंजिन हळू पुढे. आणि जहाज पुढे सरकल्यावर विचारलं, "यांना तरी आता खाली उतरायला मिळतं का गं?" अनेकांना अजूनही नाही मिळत. तेच सांगितलं.

तर तुमचा प्रश्न. दोन दिवस द्या. एक दिवस शहर आणि हूक ऑफ हॉलंड, दुसऱ्या दिवशी वॉटरबसने किंडरडाइक. तिथे १७४० च्या सुमाराच्या पवनचक्क्या एकोणीस आहेत, आणि बोटीने जाताना गोद्या दिसतात हा फायदा वेगळा. डेल्फ्ट ट्रेनने पाव तासावर आहे, संध्याकाळ तिथे काढा. तुम्हाला जुनंच हवं असेल तर रॉटरडॅममधलाच डेल्फशावन हा जुना भाग बघा, ते बॉम्बमधून वाचलं. मार्केट हॉलच्या छतावरचं रंगीत चित्र दहा मिनिटं बघून बाहेर या, तिथे खाणं महाग आहे. जेवायला वेस्ट-क्राउसकाडेवर सुरिनामी रोटी खा, बटाटा आणि चवळीच्या शेंगांची भाजी असते, आईंना चालेल.

क्यूब हाऊस बाहेरूनच बघा. आतला जिना उभा आणि अरुंद, सत्तरीच्या गुडघ्यांना नको. हूकला वारा जबरदस्त असतो, कानटोपी लागतेच, मे महिन्यातसुद्धा. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात आणि किंडरडाइकच्या थेट बोटी ऋतूप्रमाणे बदलतात, आधी बघून घ्या. आणि हो, तुमच्या आई-बाबांना बंदराशी काही घेणं-देणं नसेल आणि ट्यूलिप्सच बघायची असतील तर माझं ऐकू नका, अर्ध्या दिवसात रॉटरडॅम उरका.

पण ते त्यांना विचारा. सगळ्यांसमोर नाही, एकेकट्याला बाजूला घेऊन विचारा. जावयासमोर, सुनेसमोर ती पिढी "तुम्ही ठरवाल तसं" म्हणते आणि त्याला आपण होकार समजतो. भावोजी आजही म्हणतात, बाबांनी तेव्हा सांगायला हवं होतं. मी त्यांना दर वेळी हेच म्हणते की आपण विचारलं नव्हतं.