पंगतीनंतर गावात हगवण लागली तर आधी काय कराल?

ताई, पहिल्याच नेमणुकीत तेरवीच्या जेवणाचा उद्रेक वाट्याला आला म्हणून घाबरू नका. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

१. यादी. नाव, वय, काय खाल्लं, किती वाजता जेवले, पहिली उलटी किंवा हगवण कधी. वेळ खोदून विचारा. दोन-चार तासांतच उलट्या सुरू झाल्या तर स्टॅफिलोकोकस या जिवाणूच्या विषाचा संशय घ्या; ताप आणि हगवण बहुधा ६ ते ७२ तासांनी आली तर साल्मोनेला या जिवाणूचा. घड्याळाची वेळ आठवत नसेल तर ‘संध्याकाळच्या एसटीच्या आधी की नंतर?’ असं विचारा, बरोबर सांगतात.

२. जेवून ठणठणीत राहिलेल्यांनाही तेच प्रश्न. नवे लोक हमखास इथेच चुकतात. अख्खं गाव मठ्ठ्याला दोष देतं. पण बरे असलेल्यांनीही तो तितकाच प्यायला असेल, तर संशय दुसऱ्या पदार्थावर न्या. विहीरही विसरू नका.

३. शौचाचा नमुना अँटिबायोटिकच्या आधी, कॅरी-ब्लेअर माध्यमात (प्रयोगशाळेत पोचेपर्यंत जिवाणू जिवंत ठेवणारं माध्यम). ओआरएस मात्र नमुन्यासाठी थांबवायचं नाही.

आचाऱ्याशी गोडीनं बोला बरं, नाहीतर तपासायला हवी असलेली उरलेली बुंदी तुम्ही पोचायच्या आत उकिरड्यावर जाते. जिवाणूंची जनुकीय तपासणी वगैरे सध्या प्रयोगशाळेवर सोडा.