टीव्हीचे नियम ओटीटीला का लावत नाहीत?

टीव्हीवर कात्री चालते, मग ओटीटीला मोकळं रान का, असं तुम्ही विचारलंय. मोकळं रान नाहीच. केंद्राच्या फेब्रुवारी 2021 च्या आयटी (माहिती तंत्रज्ञान) नियमांत यू, यू/ए 7+, 13+, 16+ आणि ए अशी वर्गवारी आहे. 13+ पासून पुढे पॅरेंटल लॉक, ए साठी वयाची खातरजमा. ते लॉक आधी लावा.

केबलवर कात्री चालते, कारण एकच चित्र सगळ्या घरांत एकाच वेळी जातं. जाहिरातींना तासाला 12 मिनिटांची मर्यादा आहे, तीही त्यामुळेच. ओटीटीवर जो अर्धा भाग रात्री आणि उरलेला सकाळी बघतो, त्याचा तास कुठून मोजणार?

माझा खरा राग नोव्हेंबर 2023 च्या प्रसारण विधेयकाच्या मसुद्यावर आहे. प्रत्येक प्रसारकाने, म्हणजे ओटीटीनेही, कार्यक्रम मूल्यमापन समिती नेमायची, तिच्यात महिला, बालकल्याण, अनुसूचित जाती-जमाती, अल्पसंख्याक वगैरेंचे प्रतिनिधी घ्यायचे आणि तिने प्रमाणित केलेलंच दाखवायचं. मोठ्या कंपनीला हे पेलेल. छोट्या मराठी ओटीटीला प्रत्येक भागासाठी समिती बसवणं परवडणार नाही. शिवाय मंजुरी अंगाशी येऊ शकते, कापल्याबद्दल जाब कुणी विचारत नाही; म्हणजे शंका आली की प्रसंग उडणारच. ही सेन्सॉरशिपच आहे, फक्त ती निर्मात्याच्या खर्चाने होते. "सगळ्यांना एकच नियम" म्हणणाऱ्यांनी ते कलम एकदा वाचावं.

तंबाखूचा नियम मात्र योग्य. 1 सप्टेंबर 2023 पासून ओटीटीवरही सुरुवातीला आणि मध्ये किमान 30 सेकंदांची आरोग्य-चित्रफीत लागते, धूम्रपानाच्या दृश्यात खाली इशारा लागतो. बघणाऱ्यावर परिणाम तोच, म्हणून नियम तोच. ऑनलाइन थेट क्रिकेटलाही टीव्हीचेच जाहिरात नियम हवेत. ते प्रसारणच आहे.

तक्रार करायची तर मालिकेचं नाव, भाग, मिनिट-सेकंद आणि आक्षेप नेमका लिहून ओटीटीच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवा. नियमानुसार पोच 24 तासांत, निर्णय 15 दिवसांत. पटला नाही तर पुढच्या 15 दिवसांत ओटीटी कंपन्यांच्याच स्वनियमन संस्थेकडे अपील, त्यावर केंद्राचं माहिती व प्रसारण मंत्रालय. "अश्लील आहे, बंद करा" एवढंच लिहिलं तर हाती काही लागत नाही.

एक सांगायचं राहिलं: तक्रारीची ही उतरंड ज्यात आहे तो आयटी नियमांतला नियम 9(3), आणि सोबत नीतिसंहिता पाळायला सांगणारा 9(1), यांना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2021 मध्ये अंतरिम स्थगिती दिली होती. त्यामुळे वरच्या पायऱ्यांवर वकील आधी तोच मुद्दा काढेल. पहिली तक्रार तरीही लेखीच करा आणि पोच जपून ठेवा.