धान्य होतं, तरी लोक उपाशी का राहिले? तुमचे प्रश्न

महामारी आणि अन्नसुरक्षा या विषयावर बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार घेतोय.

कोरोनात जगात धान्यच कमी पडलं होतं का? (एमपीएससीची तयारी करणारी वाचक, पुणे)

नाही. २०२० मधे जगभर पीक चांगलं आलं होतं. आपल्याकडे १ एप्रिलला साधारण २१० लाख टन गहू-तांदूळ साठ्यात असावा असा नियम आहे, सरकारी धान्य साठवणाऱ्या एफसीआयकडे (भारतीय अन्न महामंडळ) त्याच्या दुपटीहून जास्त होता. तरी एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) आणि इतर संस्थांच्या २०२१ च्या अहवालात २०२० साली ७२ ते ८१ कोटी लोक उपाशी असल्याचा अंदाज आला, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा दहा कोटींहून जास्तच. कारण सोपं आहे, धान्य संपलं नव्हतं, मजुरी संपली होती. नाक्यावर उभं राहून रोजचं काम मिळवणाऱ्याचं काम बंद झालं की समोर दुकानात तांदूळ असून उपयोग काय?

फेब्रुवारी २०२० मधे कोंबडी मातीमोल गेली. आमच्या या नुकसानीचा जगाच्या अन्नसुरक्षेशी काय संबंध? (पोल्ट्रीवाले, संगमनेर)

दादा, सरळ संबंध आहे. चिकन खाल्ल्याने कोरोना होतो ही नुसती अफवा, पण लोकांनी खाणं सोडलं. ब्रॉयलर पक्षी चाळीसेक दिवसात दोन किलोचा होतो, त्यानंतर शेडमधे ठेवला की रोज खाद्य खातो आणि त्या खाद्याचेही पैसे सुटत नाहीत, म्हणून कुणी फुकट वाटले, कुणी खड्ड्यात पुरले. मग नवीन पिल्लं टाकायची कुणाची हिंमत होईना, मक्यापासून बनणाऱ्या खाद्याचा उठाव थांबला आणि ज्याने कोंबडी कधी पाळलीच नाही त्या मक्याच्या शेतकऱ्याचा भाव पडला, क्विंटलला १७६० रुपये हमीभाव होता, कित्येक ठिकाणी त्याच्या खूप खाली मका गेला. पुढे लॉकडाऊनमधे लोक परत चिकन मागायला लागले तेव्हा शेड रिकामी, म्हणून भाव चढले, आणि तुमच्यातल्या ज्यांचं भांडवल आधीच बुडालं होतं त्यांना त्या भावाचा काहीच फायदा नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं. अमेरिकेतही तसंच, शाळा-हॉटेलं बंद झाली, तिकडे जाणारं दूध घरगुती पॅकिंगमधे एका रात्रीत वळवता येईना, शेतकऱ्यांनी ते ओतून दिलं आणि त्याच वेळी गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या फूड बँकेसमोर गाड्यांच्या रांगा.

आम्ही दुबईत होतो, तांदूळ मिळणार नाही अशी भीती पसरली होती. खरी होती का?

भीती अगदीच खोटी नव्हती. व्हिएतनामने मार्च २०२० मधे तांदूळ निर्यातीचे नवे सौदे थांबवले, कझाकस्तानने गव्हाचं पीठ रोखलं. भारताने बंदी घातली नाही, पण मिलमधे आणि बंदरावर माणसंच नाहीत म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला आपल्या व्यापाऱ्यांनीही नवे सौदे थांबवले होते. आखाती देश बहुतेक अन्न बाहेरून आणतात, त्यामुळे तिथे धसका जास्त. नशिबाने मे महिन्यात व्हिएतनाम पुन्हा सुरू झाला. २००७-०८ मधे एकाने दार लावलं म्हणून दुसऱ्याने लावलं आणि तांदळाचे भाव आकाशाला भिडले होते, ते या वेळी टळलं.

आम्ही ऊसतोडीला जातो. पुन्हा तसं झालं तर रेशनचं काय? (बीड)

ताई, तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तेव्हा टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडे कोप्यांमधे (उसाच्या फडाजवळच्या झोपड्यांमधे) अडकल्या आणि रेशनकार्ड गावाकडे. एप्रिल २०२० पासून डिसेंबर २०२२ पर्यंत, मधले डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ हे महिने सोडून, माणशी ५ किलो मोफत धान्य सुमारे ८० कोटी लोकांसाठी होतं, पण माणूस एकीकडे आणि दुकान दुसरीकडे असेल तर ते मिळणार कसं? आता 'एक देश एक रेशनकार्ड' सगळ्या राज्यांत लागू आहे. घरातलं थोडं धान्य तुम्ही कारखान्याजवळच्या दुकानातून उचलू शकता, उरलेलं म्हातारी माणसं गावात घेऊ शकतात. फक्त घरातल्या प्रत्येकाचं आधार रेशनकार्डाला जोडलेलं आहे ना ते दसऱ्याआधी, टोळी निघायच्या आत, गावातल्या दुकानदाराकडे बघून घ्या आणि बारा अंकी रेशनकार्ड नंबर मोबाईलमधे लिहून ठेवा. दुकानदार नाही म्हणाला तर तहसीलच्या पुरवठा शाखेत जा, तो तुमचा हक्क आहे.