पोस्टरवर सुलेखन असतं की टायपोग्राफी? आणि फॉन्ट 'वाचनीय' असतो का?

प्रश्न असा आहे: एका पोस्टरबद्दल कुणीतरी लिहिलंय, "पोस्टरचं सुलेखन झकास, फॉन्ट मात्र वाचनीय नाही." हे वाक्य मराठी म्हणून बरोबर आहे का, टायपोग्राफीला सुलेखन म्हणायचं का, नसेल तर दुसरा शब्द कुठला, फॉन्टला मराठीत काय, आणि तो फॉन्ट की ते फॉन्ट.

आधी थोडक्यात उत्तर. टायपोग्राफी म्हणजे सुलेखन नव्हे. मराठी शब्द हवाच असेल तर मी 'अक्षरमांडणी' म्हणेन, नाहीतर सरळ टायपोग्राफी लिहा, कुणी हरकत घेणार नाही. फॉन्टला फॉन्टच म्हणा. आणि 'वाचनीय' तिथे पूर्णच चुकलाय, तो शब्द काढा. आता सविस्तर.

यातली गंमत अशी की नामं शोधत बसण्यापेक्षा क्रियापद बघितलं की अर्धा गुंता सुटतो. अक्षर लिहिलं, काढलं की जुळवलं? लिहिलं असेल तर ते सुलेखन. बोरू, टाक, कटनिब, ब्रश काहीही असो, हात एका ओघात फिरतो, फटकारा उमटला की उमटला, मागे जाऊन दुरुस्ती नाही, असलीच तर नवीन कागद. काढलं असेल, म्हणजे पेन्सिलीने आखून, खोडून, पुन्हा आखून, कडा घासूनपुसून, चित्र काढावं तसं, तर ते अक्षरांकन, ज्याला डिझाईनवाले लेटरिंग म्हणतात. आणि आधीच तयार असलेली अक्षरं घेऊन ती शेजारी शेजारी लावली, आकार ठरवला, ओळी पाडल्या, मोकळी जागा सोडली, तर ती टायपोग्राफी. पहिल्या दोन्हीत अक्षर तिथल्या तिथे जन्माला येतं, तिसऱ्यात ते आधीच जन्मलेलं असतं आणि तुम्ही त्याला कुठे बसवायचं ते ठरवता.

मग समोरच्या पोस्टरवर नक्की काय आहे ते कसं ओळखायचं? सोपी युक्ती आहे, शीर्षकात दोनदा आलेलं अक्षर शोधा. समजा दोन 'ल' आहेत आणि दोन्ही एकावर एक ठेवले तर तंतोतंत बसतात, तर बहुतेक तो फॉन्ट आहे. पहिल्या 'ल'ची शेपटी शेजारच्या मात्रेला जागा द्यायला आखडलीय आणि दुसऱ्याची ऐसपैस पसरलीय, तर कुणीतरी ते हाताने काढलंय. (बहुतेक म्हणतोय कारण हल्ली काही फॉन्टांत एकाच अक्षराची दोन-तीन रूपं भरलेली असतात आणि ती आलटून पालटून येतात, त्यामुळे युक्ती शंभर टक्के चालत नाही.) कोका-कोलाचं नाव आठवा, त्यातले दोन मोठे सी नीट बघा, एकाची शेपटी खाली लांब गेलीय आणि दुसऱ्याची तशी नाही, ते अक्षरांकन आहे, तसले फॉन्ट लोकांनी नंतर त्यावरून बनवले. कमल शेडगेंची नाटकांची शीर्षकं हाही अक्षरांकनाचाच नमुना, प्रत्येक नाव त्या नाटकापुरतं काढलेलं.

अर्थात एकच माणूस तिन्ही करू शकतो, आणि म्हणूनच घोळ होतो. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी १९१६ मध्ये ज्याने टाईप, म्हणजे छापायच्या अक्षरांचा संच, बनवला तो एडवर्ड जॉन्स्टन मुळात सुलेखनाचा शिक्षक होता. आपल्याकडे र. कृ. जोशी सुलेखनकार होते, जाहिरातीत काम केलेले होते, आणि विंडोजमधला मंगल फॉन्टही त्यांचाच. पण माणूस एक असला म्हणून कामं एक होत नाहीत.

आता शब्द. 'सुलेखन' का लावतात ते समजू शकतं, कारण कानाला छान वाटतो आणि सुंदर अक्षर दिसलं की तोच आठवतो. पण टायपोग्राफीत लेखन नाहीच. मूळ ग्रीक 'टायपॉस' म्हणजे ठोका, ठसा. मराठीतला 'टंक' त्याच्या अगदी जवळ जातो, संस्कृतात टंक म्हणजे छिन्नी आणि ठसा मारलेलं नाणंही, त्यावरूनच टंकशाळा आणि तिची झाली टाकसाळ, आणि टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतो त्यातली टाकीही याच कुळातली. त्यामुळे 'टंक' हा टाईपसाठी अर्थाने अगदी चपखल शब्द आहे. अडचण एवढीच की टंकलेखन म्हणजे टायपिंग हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की 'टंककला' म्हटलं की लोकांना टाईपरायटरची परीक्षा आठवते. मग 'मुद्राक्षरकला' असाही शब्द सुचवतात, चूक काहीच नाही, पण तो बोलून दाखवा एकदा. क्लायंटसमोर कुणी "याची मुद्राक्षरकला जरा सैल वाटतेय" असं म्हणेल का?

खरं तर वापरातला अस्सल मराठी शब्द आपल्यासमोर वर्षानुवर्षं आहे. कुठलंही मराठी पुस्तक उघडा, पहिल्या-दुसऱ्या पानावर प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठ यांच्या जोडीला 'अक्षरजुळणी' असतं. हा छापखान्यातला शब्द आहे. शिसं, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रधातूचे ओतलेले खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, केसमधून (खणांच्या पेटीतून) उचलायचे आणि एकेक करून ओळीत लावायचे याला खिळे जुळवणं म्हणायचे, करणारा तो जुळारी किंवा कंपोझिटर. इंग्रजीतलं अप्पर केस, लोअर केस तिथूनच आलं, मोठी अक्षरं वरच्या खणांच्या पेटीत आणि छोटी खालच्या. देवनागरीत ही भानगड नाही पण दुसरी होती, जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, मात्रा, वेलांट्या, उकार सगळ्यांचे खिळे लागायचे आणि ते शेकड्यांत जायचे, त्यामुळे देवनागरी जुळवणं हे जास्त डोकेदुखीचं काम.

पण अक्षरजुळणी म्हणजे टाईपसेटिंग, मजकूर बिनचूक ओळीत लावणं. टायपोग्राफी त्याच्याहून मोठी, कारण तिच्यात निर्णय येतात: काय मोठं, काय लहान, कशाच्या शेजारी काय, नजर आधी कुठे जाईल. म्हणून 'अक्षरमांडणी'. मांडणी म्हटलं की हेतू आला, कुणासाठी आणि कशासाठी मांडलंय हे आलं.

याचं माझं आवडतं उदाहरण २०१७ च्या ऑस्कर सोहळ्याचं. सर्वोत्कृष्ट चित्रपट जाहीर करायला आलेल्यांच्या हातात चुकून अभिनेत्रीच्या पुरस्काराचं पाकीट गेलं. आतल्या कार्डावर वर ऑस्कर असं मोठ्ठं, मधे अभिनेत्रीचं नाव आणि तिच्या सिनेमाचं नाव साधारण सारख्याच वजनात, आणि हा पुरस्कार कशासाठी आहे ते पार तळाला बारीक अक्षरात. वाचणारा अडखळला, त्याला काहीतरी खटकत होतं, शेजारणीने दिसलं ते सिनेमाचं नाव वाचून टाकलं आणि चुकीच्या सिनेमाची मंडळी स्टेजवर आली. पाकिटाची अदलाबदल ही माणसाची चूक, मान्य. पण पुरस्काराचं नाव वरती ठळक असतं तर ती चूक कार्ड उघडल्याबरोबर लक्षात आली असती. इथे अक्षरं सुंदरच होती, फॉन्ट स्वच्छ होता, स्पेलिंग बरोबर होतं, म्हणजे अक्षरजुळणीला पैकीच्या पैकी मार्क. गंडली ती मांडणी. ऑस्कर सोहळ्यात तुम्ही आहात हे तिथे उभ्या असलेल्या माणसाला सांगायची गरज नव्हती आणि तेच सगळ्यात वर छापलं होतं!

फॉन्टकडे येऊ. फॉन्ट हा शब्द फ्रेंचमधल्या वितळवून ओतणे या अर्थाच्या क्रियापदातून आला, म्हणजे एका आकाराचा एका वजनाचा ओतलेला खिळ्यांचा संच. टाईपफेस म्हणजे त्या अक्षरांचं रूप. खिळे गेले, आता फॉन्ट म्हणजे कॉम्प्युटरमधली फाईल आणि सगळे दोन्हीला फॉन्टच म्हणतात, मी पण म्हणतो, रोजच्या बोलण्यात त्यावरून कुणाला टोकू नये. पण फरक दाखवायची वेळ आलीच तर टाईपफेससाठी 'वळण' हा शब्द वापरावा असं माझं मत आहे. "तिच्या अक्षराचं वळण छान आहे" हे आपण हस्ताक्षराबद्दल म्हणतोच, तेच छापील अक्षराला लावायचं, आणि फॅमिलीला, म्हणजे एकाच वळणाच्या बारीक-ठळक फॉन्टांच्या गटाला, घराणं. "वळण तेच, फक्त ठळक फॉन्ट टाक" हे मराठी कान लगेच पकडतो. मराठी 'ल' घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ल एकच आहे, त्याला एकच क्रमांक. तो पाकळीचा दिसेल की हिंदीत असतो तसा दांडीचा, श देठाचा दिसेल की दुसरा, हे ठरवतो फॉन्ट. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की मराठी वळणाचे ल-श आपोआप येतात, हे कित्येक डिझाईनरना माहीतच नसतं आणि मग "हा फॉन्ट हिंदी आहे" म्हणून चांगला फॉन्ट टाकून देतात.

आणि आता तो 'वाचनीय'. मराठीत वाचनीय म्हणजे वाचण्याजोगं, लेख वाचनीय असतो, अंक वाचनीय असतो. फॉन्ट वाचनीय नाही म्हणजे काय, त्याचं कथानक फसलंय? इंग्रजीतल्या लेजिबल आणि रीडेबल या दोघांना मिळून हा एकच शब्द ठोकून देतात. लेजिबलला आपल्याकडे 'सुवाच्य' आहे, शाळेपासून ऐकलेला: अक्षर अक्षरापासून वेगळं ओळखू येतंय का. रीडेबलला 'वाचायला सोपं' म्हणा नाहीतर 'वाचनसुलभ': सलग दोन पानं वाचली तर डोळे थकतात का.

सुवाच्यतेचं देवनागरीतलं दुखणं बघायचं तर ध आणि घ, भ आणि म. फरक असतो तो डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातल्या एवढ्याशा गाठीचा किंवा शिरोरेषेतल्या फटीचा. आठ पॉइंटात, म्हणजे अगदी बारीक आकारात, ठळक फॉन्ट लावला की ती फट बुजते आणि "अर्ज येथे भरा" चं "अर्ज येथे मरा" होतं. ख ची गंमत तर जुनीच, र आणि व जरा सुटे पडले की खाना चा रवाना. मोबाईलच्या स्क्रीनवर किंवा दुरून वाचायच्या पाटीवर हे आधी तपासायचं, फॉन्ट कितीही देखणा असो. ब्रिटनमधले रस्त्यावरचे फलक जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी नव्याने केले तेव्हा गावांची नावं सगळी कॅपिटलमध्ये न ठेवता पहिलं अक्षर मोठं आणि बाकी छोटी अशी घेतली, कारण ती नावं चालत्या गाडीतून वाचायची होती.

वाचनसुलभतेत मात्र फॉन्टपेक्षा मांडणीचा हात जास्त. दोन ओळींमधली जागा घ्या, लेडिंग म्हणतात ते, पूर्वी ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालायचे म्हणून ते नाव. रोमन अक्षरांना पुरेल तेवढं लेडिंग देवनागरीला पुरत नाही. 'पूर्वी' हा साधा शब्द बघा, खाली दीर्घ ऊकार, वर वेलांटी आणि रफार. वरच्या ओळीत असा ऊकार आणि बरोबर त्याच्या खाली दुसऱ्या ओळीतला रफार आला की टक्कर. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये मराठी मजकूर ओतला की हे हमखास होतं.

तसंच ट्रॅकिंग, अक्षरांमधली जागा वाढवणं. इंग्रजीत शीर्षक ऐटबाज दिसावं म्हणून अक्षरं लांब लांब ठेवतात, ते पाहून मराठीतही तसंच करतात आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात, शब्द एक न राहता सुटी अक्षरं होतात. शिरोरेषा शब्द बांधून ठेवते, तीच तोडली तर डोळ्याने काय धरायचं? इटॅलिकचंही तेच, बहुतेक देवनागरी फॉन्टांत खरं इटॅलिक नसतंच, सॉफ्टवेअर सरळ अक्षराला ढकलून तिरपं करतं. जोर द्यायचा असेल तर ठळक करा, आकार बदला, रंग बदला. बरं, सगळी कॅपिटल टाकून ओरडायची सोय आपल्या लिपीत नाही, हे मला तरी बरंच वाटतं.

तेव्हा मूळ वाक्य दुरुस्त करायचं तर आधी पोस्टर बघावं लागेल. शीर्षक हाताने काढलेलं असेल तर "शीर्षकाचं अक्षरांकन झकास, खालचा मजकूर मात्र सुवाच्य नाही." सगळंच फॉन्टांत असेल तर "अक्षरमांडणी झकास, पण मजकुराचा फॉन्ट सुवाच्य नाही." आणि अक्षरं स्पष्ट आहेत पण ओळी एकमेकींवर चढल्यात असं म्हणायचं असेल तर फॉन्टला दोष देऊ नका, "ओळी फार दाटल्यात" म्हणा, डिझाईनरला नेमकं काय सुधारायचं तेही कळेल.

जाता जाता, फॉन्ट तो की ते असंही विचारलंय. तो फॉन्ट, अनेकवचनही फॉन्टच: हे दोन फॉन्ट, या फॉन्टांमध्ये. 'फॉन्ट्समध्ये' पण सर्रास लिहितात, मला ते जिभेला अडखळतं म्हणून मी टाळतो. टायपोग्राफी ती, टाईप तो, वळण ते.