गिऱ्हाईक आलं की अण्णा पुराची खूण दाखवतात

"आई-वडील घर विकायला हो म्हणतात आणि ऐन वेळी मोडता घालतात. काय करावं?" पन्नाशीच्या आसपासची मुलं-मुली हा प्रश्न घेऊन माझ्याकडे नेहमी येतात. बहुतेकांनी निदानही करून आणलेलं असतं: वय झालं, हट्टी झालेत, घरात जीव अडकलाय. सांगलीच्या एका कुटुंबाची हकीकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गावभागातलं दुमजली घर, अण्णांच्या वडिलांनी बांधलेलं. अण्णा निवृत्त शिक्षक, वय ८१, आई ७६. २०१९ च्या महापुरात खालचा मजला पाण्यात गेला, २०२१ ला पुन्हा पाणी आलं. तेव्हापासून दोघं वरच राहतात आणि आईंचे गुडघे जिना उतरू देत नाहीत. घर काढायचं यावर सगळ्यांचं एकमत होतं. एजंट ठरला, खालचा मजला रंगवून घेतला. पण गिऱ्हाईक आलं की अण्णा त्याला जिन्याजवळच्या भिंतीपाशी न्यायचे. "पाणी इथवर होतं." रंगाऱ्याने खूण बुजवली, तर अण्णांनी पेन्सिलीने पुन्हा काढली! आलेली गिऱ्हाइकं परत गेली. पुण्याहून आलेली मुलगी माझ्यासमोर रडकुंडीला आली होती. "त्यांना विकायचंच नाहीये हो."

मला तर अण्णा आवडले. गावभागात पाणी येतं हे सांगलीकराला सांगावं लागत नाही, बाहेरगावच्याला लागतं. आणि घरातला सहज न दिसणारा मोठा दोष ठाऊक असेल तर तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असं १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही म्हणतो.

मी मुलीला विचारलं, "घर विकल्यावर दोघं राहणार कुठे?"

"सहा महिने माझ्याकडे, सहा महिने दादाकडे बंगळुरूला."

"कुणी ठरवलं?"

"आम्ही दोघांनी."

अशा वेळी मी आई-वडिलांशी मुलांना बाहेर बसवून बोलते. मुलांना ते आवडत नाही, पण त्याशिवाय खरं बाहेर येत नाही. आई म्हणाल्या, "घर विका की. पण माझे देव कुठे राहणार? दर सहा महिन्यांनी पिशवीत घालून हिंडवू?" अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जावईबापूंचा पेपर वाचून होईपर्यंत मी बसून राहायचं का?"

घर सोडायला दोघांची ना नव्हतीच. पुढे कायमचं पाहुणं होऊन राहायची धास्ती होती आणि ती बोलून दाखवली तर मुलं दुखावतील, म्हणून पेन्सिल. मुलांकडे राहणं वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. कितीतरी जण आनंदाने राहतात. पण ते दोघांना विचारून ठरलं पाहिजे.

म्हणून क्रम उलटा केला. आधी विश्रामबागेत तळमजल्यावरचा फ्लॅट भाड्याने घेतला, पहिल्या दिवशी देव्हारा नेला आणि घर दाखवायचं काम त्यानंतर सुरू केलं. गिऱ्हाइकाला पुराचं पहिल्याच भेटीत सांगायचं आणि भाव त्या हिशेबाने धरायचा, असंही ठरलं. अण्णांचा निम्मा विरोध तिथेच मावळला.

आवराआवरीत मुलांची घाई नडते. आई-वडील झोपलेत तोवर भंगारवाल्याला बोलावणारे महाभाग मी पाहिलेत. पुढे वर्षभर प्रत्येक सापडत नसलेल्या वस्तूचा आळ त्याच दुपारवर येतो. इथे आईंच्या हाती कारभार दिला. बरोबर काय न्यायचं, कुणाला काय द्यायचं, मोडीत काय घालायचं, हे त्या खुर्चीत बसून सांगत होत्या. तांब्याचा बंब, पितळी डबे, पाटा-वरवंटा, सगळ्याचा निकाल भराभर लागला. अडली ती मुलगीच. भाता फाटलेली तिची पेटी तिला टाकवेना आणि पुण्याच्या घरात ठेवायला जागा नव्हती. घरात जीव अडकलाय हे निदान अगदीच चुकीचं नव्हतं म्हणायचं, फक्त माणूस चुकला होता.

कागदपत्रांनी मात्र वेळ खाल्ला. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, आत्याचंही नाव निघालं. तिचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र होईपर्यंत व्यवहार थांबला. मिळकत पत्रिका गिऱ्हाईक शोधण्याआधी काढून पाहावी.

पैशाबद्दल मी एवढंच सुचवलं की रक्कम अण्णा आणि आईंच्या संयुक्त खात्यात राहू दे, वाटणीचा विषय सध्या काढू नका. कराचं सीएने सांगितलं: घर २००१ च्या आधीचं असल्याने नफा मोजताना १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते आणि नफ्यातून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं तर करात सवलत मिळते. झालं, दादाने फ्लॅट घ्यायचा धोशा लावला. अण्णा म्हणतात, या वयात वास्तुशांत कुणासाठी करायची, भाड्याचं बरं आहे. आईंना स्वतःचं घर हवंय. हा वाद अजून चालू आहे आणि आई रिक्षाने जाऊन तळमजल्यावरचे फ्लॅट बघून येतात.