पिस्तुलाची कार्यशाळा : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

अमेरिकेतल्या मराठी वाचकांकडून नेमबाजीच्या छंदाबद्दल पत्रं येतात, त्यांतली बरीच यंदा एकाच विषयावर आहेत : स्वस्तातलं पिस्तूल घेऊन त्यावर हात बसवायचा कसा? निवडक प्रश्न घेतले आहेत. एक प्रश्न कोल्हापूरहून आला आहे. तिथला कायदा वेगळा असल्यामुळे त्याचं उत्तर वेगळं दिलं आहे.

प्रश्न : पाचशे डॉलरच्या आसपास मिळणारं फिलिपीन्स बनावटीचं १९११ पिस्तूल, .४५ कॅलिबरचं, घेतलं आहे. घरच्या घरी सुधारणा करत शिकायचं आहे. सुरुवात कुठून करू? (ह्यूस्टन, टेक्सस)

उत्तर : शिकण्यासाठी निवड उत्तम आहे. जॉन ब्राउनिंगची ही रचना अमेरिकी लष्करानं १९११ साली स्वीकारली. पेटंटची मुदत कधीच संपली आहे, त्यामुळे डझनावारी कंपन्या तिचे सुटे भाग बनवतात. पण हे भाग 'बसवले की झालं' असे नसतात, कानस मारूनच बसवावे लागतात आणि शिकायला मिळतं ते त्यातच. प्लॅस्टिक फ्रेमच्या आधुनिक पिस्तुलात भाग बदलता येतो, पण हाताला फारसं काही शिकायला मिळत नाही.

पहिल्या महिन्यात एकही भाग विकत घेऊ नका. पैसे अवजारांवर घाला : पिन काढायचे पंच (१/१६, ३/३२ आणि १/८ इंच), पितळी किंवा नायलॉनची हातोडी, पिस्तुलाच्या स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारे सपाट बिट, डिजिटल व्हर्नियर, चापाचा (ट्रिगरचा) ताण मोजायचा गेज, बारीक दातांची कानस, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर, आणि .४५चे पाच-सहा डमी राउंड (दारू नसलेली नकली काडतुसं). साधा घरगुती स्क्रू ड्रायव्हर वापरलात तर मुठीच्या स्क्रूचं डोकं पहिल्याच दिवशी खराब होईल. स्क्रूबरोबर खालचं बुशिंगही (स्क्रू ज्यात बसतो ती नळी) फिरून बाहेर आलं, तर फ्रेममधले आटे जायची भीती असते.

कामाला बसण्यापूर्वी मॅगझिन काढा, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी पाहा आणि बोटानं चाचपा. जिवंत काडतुसं त्या खोलीतच नकोत. टेबलावर फक्त डमी.

मग पूर्ण उघडा, पूर्ण जोडा. दर वेळी पाच तपासण्या करा, आणि पुढे कुठलाही भाग बदलला तरी याच पाच पुन्हा करा. एक : घोडा (मागचा ठोका देणारा भाग, चाप नव्हे) चढवून थंब सेफ्टी (अंगठ्याचा सुरक्षा खटका) लावा, मूठ नीट धरून चाप जोरात दाबा, सोडा, सेफ्टी काढा, घोडा पडता कामा नये. आता कान जवळ नेऊन घोडा अंगठ्यानं किंचित मागे ओढा. बारीक 'टिक' ऐकू आली तर सेफ्टी लावलेली असतानाही सीअर (चढलेला घोडा अडवून धरणारा छोटा भाग) सरकला आहे आणि आता परत जागेवर बसला, असं समजायचं. तसं पिस्तूल चालवायचं नाही. दोन : ग्रिप सेफ्टी (मुठीच्या मागची सुरक्षा पट्टी) न दाबता चाप ओढा, घोडा पडू नये. तीन : स्लाइड पाव इंच मागे धरून चाप ओढा; घोडा पडू नये, कारण डिस्कनेक्टरचं कामच ते आहे. चार : चाप दाबून धरलेला असताना स्लाइड मागे ओढून सोडा, घोडा चढलेलाच राहिला पाहिजे, आणि चाप सोडून पुन्हा दाबला की पडला पाहिजे. पाच : घोडा हाफ-कॉकवर (अर्ध्यावर अडवणाऱ्या खाचेवर) आणून चाप ओढा; तिथून तो सुटता कामा नये.

एक सूचना. स्लाइड स्टॉप परत बसवताना त्याचं टोक फ्रेमवर अर्धगोल ओरखडा काढतं. दुकानदार तो बघून मालक नवशिका आहे हे ओळखतात! तिथे आधी मास्किंग टेपची पट्टी लावा.

पहिली खरी सुधारणा एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी चेंबरमधून ओढून काढणाऱ्या आकड्याची), कारण स्वस्त १९११च्या बऱ्याच तक्रारी तिथूनच निघतात. या पिस्तुलात तो वेगळ्या स्प्रिंगवर चालत नाही, स्वतःच्याच वाकानं ताण धरतो. स्लाइड फ्रेमवरून उतरवून बॅरल काढा. डमीची कड एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली सरकवून सोडून द्या. डमी लटकून राहिली आणि स्लाइड चांगली हलवल्यावर पडली तर ताण ठीक. सोडताक्षणी पडली तर ताण कमी आहे. रिकामी पुंगळी नीट बाहेर फेकली जाणार नाही. आकड्याखाली डमी ढकलायलाच जोर लागला तर ताण जास्त. मग काडतूस वर सरकताना अडकेल आणि स्लाइड पूर्ण बंद होणार नाही. ताण बदलायला फायरिंग पिन पंचानं आत दाबून मागची स्टॉप प्लेट खाली सरकवा. भोकावर अंगठा ठेवा, नाहीतर पिन थेट छताकडे जाते. डोळ्यांवर गॉगल हवाच. एक्स्ट्रॅक्टर बाहेर आला की त्याचं टोक मागच्या बाजूनं त्याच्याच बोगद्यात थोडं घालून हलकेच वाकवा, परत बसवून डमी लटकवा. कामाला दहा-बारा मिनिटं लागतात, पण घाईनं दिलेला जास्तीचा वाक काढणं त्रासाचं. आकड्याच्या खालच्या कोपऱ्यावर धारदार कड असेल तर तेवढी गोलसर करा. आकड्याच्या आतल्या तोंडाला कानस लावू नका.

याच कारणासाठी सुटं काडतूस चेंबरमध्ये टाकून स्लाइड आपटू नका. काडतूस मॅगझिनमधून वर येताना आकड्याखाली सरकतं, अशीच ही रचना आहे. आपटलंत तर आकड्याला कडेवरून उडी मारावी लागते. असं वारंवार झालं तर तो एक दिवस तुटतो.

प्रश्न : इंटरनेटवर वाचून रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे आणणारी) २० पौंडांची आणि घोड्यामागची मेनस्प्रिंग १९ पौंडांची टाकली. आता पुंगळ्या स्लाइडमध्ये उभ्या अडकतात, आणि शंभरात दोन-तीन काडतुसं उडतच नाहीत. (अटलांटा, जॉर्जिया)

उत्तर : एका दमात दोन स्प्रिंगा बदलल्यात, म्हणून कुठला दोष कुणाचा ते कळेनासं झालं. पाच इंची .४५ला मूळ रिकॉइल स्प्रिंग १६ पौंडांची. २० पौंडांची टाकली की सौम्य दारूच्या काडतुसाला स्लाइड पूर्ण मागे ढकलता येत नाही, पुंगळी बाहेर पडण्याआधीच स्लाइड परत फिरते आणि तिला धरून ठेवते. शिवाय ती पुढे येते जास्त जोरात, त्यामुळे मॅगझिनमधल्या काडतुसाचं नाक रॅम्पवर (चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर) आपटतं. काडतुसं न उडण्याचं कारण मेनस्प्रिंग. मूळ २३ पौंडांची असते. १९वर घोड्याचा ठोका हलका पडतो, आणि कडक प्रायमर (काडतुसाच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी) असला की फक्त खळगा पडतो.

यात सहसा कुणी न सांगणारी गोष्ट अशी की स्लाइड मागे जाताना तिला घोडाही चढवावा लागतो. म्हणजे मेनस्प्रिंगही स्लाइडला आवर घालते. ती हलकी केलीत की स्लाइड सुरुवातीला जास्त वेगानं मागे येते, आणि मग लोक रिकॉइल स्प्रिंग जड करत बसतात. दोन्ही परत १६ आणि २३वर आणा. पन्नास राउंड झाडा. दोष गेला, तर हवी ती एकच स्प्रिंग एका पायरीनं बदला आणि वहीत तारीख, काडतुसाचा प्रकार, दोष टिपा. रिकॉइल स्प्रिंग झिजणारा भाग आहे. दोन-तीन हजार राउंडांनी नवीन टाका.

प्रश्न : चापाचा ताण सहा पौंड येतो, चार हवा आहे. सीअर दगडानं घासू का? (ऑस्टिन, टेक्सस)

उत्तर : नको. घोड्याचे आकडे आणि सीअरचं नाक यांच्या पृष्ठभागावरचं कठीण आवरण अनेकदा पातळ असतं. ते घासून गेलं की आठवड्याभर चाप लोण्यासारखा वाटतो, मग कड गोल होते आणि स्लाइड बंद होताना घोडा मागोमाग पडू लागतो. आकड्यांची उंची ०.०१८ इंचाखाली गेली तर पिस्तूल धोकादायक. जिग (घासताना भाग पक्का धरणारा साचा), भिंग आणि अनुभव नसेल तर या दोन कडांपासून हात लांब ठेवा.

त्या कडांना न शिवताही एक-दीड पौंड बहुतेक वेळा निघतो. आधी चापामागची पत्र्याची चौकट, म्हणजे ट्रिगर बो, बाहेर काढून पाहा. स्वस्त पिस्तुलात तिच्यावर छापाचे बर (कडेला राहिलेले धातूचे कंगोरे) असतात आणि फ्रेममधल्या ज्या खाचेत ती सरकते तिथे कटरच्या रेषा. दोन्हीवर ६०० नंबरचा पेपर सपाट पट्टीला गुंडाळून फिरवा. बर जायला हवेत, माप नाही. मग डिस्कनेक्टरचं डोकं आणि स्लाइडच्या पोटातला तिथला भाग पॉलिश करा.

त्यानंतर तीन पात्यांची सीअर स्प्रिंग. मागून पाहताना डावं पातं सीअरवर, मधलं डिस्कनेक्टर आणि चापावर, उजवं ग्रिप सेफ्टीवर दाब देतं. नवशिक्यानं मधल्या पात्यावर काम करावं : अगदी थोडं मागे वाकवायचं, जोडायचं, पाच वेळा ताण मोजून सरासरी काढायची. मधलं फार ढिलं झालं तर चाप पुढे परत येत नाही. डाव्या पात्याला शक्यतो हात लावू नका. ते सैल पडलं तर स्लाइड बंद होण्याच्या धक्क्यानं सीअर सुटतो, आणि एका दाबात दोन गोळ्या जाण्याचा मार्ग तोच. स्प्रिंग दहा डॉलरच्या आत-बाहेर मिळते. एक जास्तीची घेऊन ठेवा, पहिली बिघडणारच आहे.

चापावर ओव्हरट्रॅव्हलचा (घोडा सुटल्यावर चापाचं जास्तीचं सरकणं रोखणारा) स्क्रू असेल तर तो फार आवळू नका. चाप दाबून धरून घोडा अंगठ्यानं सावकाश खाली आणा. मध्ये कुठे खरखर लागली तर सीअरचं नाक हाफ-कॉकच्या खाचेवर घासतं आहे. स्क्रू पाव फेरा सैल करून निळं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) लावा. साडेचार पौंडांवर थांबलात तरी सुरुवातीला पुष्कळ आहे.

रेंजवर पहिल्यांदा नेताना मॅगझिनमध्ये एकच राउंड, मग दोनच. सात भरून सुरुवात केलीत आणि पिस्तूल दुहेरी झडलं तर दुसरी गोळी कुठे जाईल ते तुमच्या हाती नसतं.

प्रश्न : मी डावखुरा. दोन्ही बाजूंचा सेफ्टी खटका आणला, पण तो वरच जात नाही. (सिअॅटल, वॉशिंग्टन)

उत्तर : जात नाही हेच बरोबर आहे. नव्या खटक्याच्या आतल्या उंचवट्यावर मुद्दाम जास्तीचा धातू ठेवलेला असतो. तो सीअरला टेकतो. उंचवट्यावर काळ्या मार्करची रेघ मारा, घोडा चढवून खटका वर दाबा, काढा. शाई जिथे पुसली तिथेच कानसेचे दोन हलके हात द्या. पुन्हा शाई, पुन्हा दाबणं. वीस-पंचवीस फेऱ्या होतात. शेवटी खटका वर जातो तेव्हा थांबा आणि वर सांगितलेली 'टिक'ची तपासणी करा. एक हात जास्त पडला तर भाग कचऱ्यात. वेल्डिंगनं भरायच्या भानगडीत पडू नका. उजव्या बाजूचा खटका काही बनावटींत मुठीच्या फळीखाली अडकतो, तिथे फळीला आतून जागा करावी लागते.

प्रश्न : मला ग्रीन कार्ड आहे, पत्नी एच-१बीवर आहे. न्यू जर्सीत हा छंद करता येईल का? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : तुम्हाला येईल. न्यू जर्सीत हँडगन घेण्यापूर्वी खरेदीचा वेगळा परमिट काढावा लागतो आणि मॅगझिनला दहा राउंडांची मर्यादा आहे. १९११ त्यात बसतं. स्वतःच्या पिस्तुलावर काम करायला संघराज्याच्या कायद्यानं परवाना लागत नाही, पण पैसे घेऊन मित्रांची पिस्तुलं दुरुस्त करू लागलात की तो धंदा होतो, आणि त्याला फेडरल फायरआर्म्स लायसन्स लागतं.

पत्नीचा मुद्दा मात्र गंभीर आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या व्यक्तीनं शस्त्र किंवा काडतूस ताब्यात ठेवणं हा संघराज्याच्या कायद्यानं गुन्हा आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय त्यांवर विसंबू नका. तिजोरीचा नंबर किंवा किल्ली पत्नीकडे नको, कारण 'ताबा' म्हणजे फक्त हातात धरणं नव्हे. एच-१बीवरच्या मंडळींनी स्वतःसाठी या छंदाचा विचार ग्रीन कार्डपर्यंत लांबणीवर टाकावा.

प्रश्न : मुलगा १० मीटर एअर पिस्तूल खेळतो, त्याला यंत्रात फार रस आहे. घरी आजोबांची परवान्याची .३२ रिव्हॉल्व्हर आहे. तिच्यावर शिकू दे का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. भारतात शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५नुसार शस्त्राची दुरुस्ती आणि फेरफार यांनाही वेगळा परवाना लागतो. बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही. रिव्हॉल्व्हर परवानाधारकानं स्वतः पुसावी, तेल लावावं, बिघडली तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्यावी.

मुलाची हौस एअर पिस्तुलावर भागेल, आणि तिथे करण्यासारखं पुष्कळ आहे. आधी मूठ. लाकडी मुठीवर तळहात कुठे पोकळ राहतो ते पाहा, तिथे एम-सीलचा पातळ थर द्या, ओला असतानाच प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीवरून हात दाबून ठसा घ्या. वाळल्यावर पॉलिश पेपर. स्पर्धेच्या नियमानुसार अंगठ्याची आणि तळहाताची टेकण वर वळवलेली चालत नाही, आणि मुठीसकट पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे.

मग चाप. चापाचे स्क्रू मॅन्युअल समोर ठेवून एका वेळी पाव फेराच फिरवायचे, आधीची जागा वहीत लिहून. नियमानुसार किमान ताण ५०० ग्रॅम. नेमका ५००वर ठेवू नका, ५१० ते ५२० ठेवा. स्पर्धेच्या तपासणीत नळी सरळ वर धरून चापाच्या मध्यभागी लावलेलं वजन सपाट जागेवरून उचलतात, आणि त्या वेळी पिस्तुलात हवेचा भार तयार असावा लागतो. घरी तपासतानाही पिस्तूल पेलेटशिवाय तसंच भारून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून तपासा. हवेच्या सिलिंडरवर तारखेचा शिक्का असतो. बहुतेक कंपन्या त्यापासून दहा वर्षांची मुदत देतात. जुनं पिस्तूल घेतलंत तर आधी तो शिक्का वाचा.