जुन्या धुनेचं नाव बदलावं का?

प्रश्न : ताई, माझी बारा वर्षांची मुलगी पाच तारांचा बँजो शिकते आणि मी व्हायोलिन वाजवतो. दोघांसाठी ‘टर्की इन द स्ट्रॉ’ आणि ‘रन जॉनी रन’ या जुन्या धुना बसवतोय. दोन्हींची आधीची नावं कृष्णवर्णीयांना हिणवणारी होती, असं आता कळलं. नवी नावं छापून गप्प बसावं का?
– एक वाचक, डरहम, नॉर्थ कॅरोलायना

उत्तर : गप्प बसू नका. पण दोन्ही धुनांना एकच न्याय लावू नका.

इथल्या वाचकांसाठी आधी सांगते, गणपतीच्या मिरवणुकीतला, बटणं दाबून वाजवायचा बँजो वेगळा. हा चामड्याने मढवलेला, लांब दांडीचा, मुळात आफ्रिकी लोकांचा. सेनेगल-गांबियातल्या जोला लोकांच्या अकोन्टिंग या वाद्यातही अंगठ्याने छेडायची एक आखूड तार असते. गुलाम करून नेलेल्या माणसांनी हे वाजवणं अटलांटिकपार जिवंत ठेवलं. पुढे गोरे कलावंत जळक्या बुचाच्या काजळीने तोंडं रंगवून त्याच माणसांची नक्कल करू लागले. १८४३ मध्ये न्यूयॉर्कला ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रल्स’ हा अशाच कलावंतांचा चमू मंचावर आला, आणि असे खेळ देशभर पसरले.

‘टर्की इन द स्ट्रॉ’ची धून १८३०च्या दशकात ‘झिप कून’ नावाने गाजली. ‘कून’ ही शिवी, आणि गाणं शहरातल्या नटूनथटून फिरणाऱ्या स्वतंत्र कृष्णवर्णीयाची टर उडवणारं. ते नाव कार्यक्रमपत्रिकेत मिरवू नका, खाली एका ओळीत इतिहास द्या.

‘रन जॉनी रन’चं तसं नाही. जुन्या नावातली शिवी मी इथेही छापणार नाही. पण त्यातला पळणारा माणूस गुलाम आहे. परवान्याशिवाय बाहेर सापडलेल्या गुलामांना धरून फटके देणाऱ्या गस्तवाल्यांपासून तो जीव घेऊन पळतोय. नुसतं ‘जॉनी’ लिहिलं की तोच गाण्यातून नाहीसा होतो. म्हणून तो कोण होता, हे वाजवण्याआधी तोंडाने सांगा. मुलीला मात्र घरीच, सरावाला बसण्याआधी सांगा. तिला ते मंचावर पहिल्यांदा कळू नये.

आता बसवण्याबद्दल. आखूड पाचवी तार सतारीच्या चिकारीसारखी समजा. नखाने खाली आघात, मग अंगठा त्या तारेवर, बहुतेक वेळा मात्रांच्या मधोमध. तो ठोका गेला की धुनेचा प्राण गेला. माझ्या पहिल्या मांडणीत मी प्रत्येक स्वर व्हायोलिनवर भरला होता आणि बँजो ऐकूच येईना. तुम्ही चाल धरा, शेजारची मोकळी तार हलकेच घासत ठेवा, बाकीची जागा मुलीला सोडा.

तुमच्याजवळच्या मेबन गावचे कृष्णवर्णीय फिडलवादक (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) जो थॉम्प्सन २०१२ मध्ये गेले. त्यांच्याकडे जाऊन शिकलेल्या रिअ‍ॅनन गिडन्स आजही वाजवतात. दोघांची ध्वनिमुद्रणं लेकीसोबत ऐका, आणि व्हायोलिनचा गज थॉम्प्सन यांच्यासारखा आखूड, ठसक्यात मारून पाहा.